इमारतींचा शजरा



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुन्या पेटीच्या तळाशी एक कागदाची गुंडाळी जपून ठेवलेली असते. ईद-बकरीदेला पेटी उघडली की ती वर येते आणि पुन्हा कापडात बांधून खाली जाते. तो घराण्याचा शजरा. वर एक नाव, त्याखाली त्याचे मुलगे, त्यांच्याखाली त्यांचे मुलगे, असे ते झाड उलटे वाढत जाते. आमच्या घरच्या शजऱ्यात एका पणजोबांच्या भावापुढे एकच शब्द लिहिलेला होता: 'लावलद'. म्हणजे वंश संपला, रेघ बंद. मी शाळकरी वयात हे मोठ्याने वाचून दाखविले तेव्हा जवळ बसलेली फुफी हसली आणि म्हणाली, "त्यांच्या तीन मुली होत्या रे. एक भिवंडीत दिली, एक महागिरीत, एक पनवेलला. त्यांची नातवंडे-पतवंडे आज शंभराच्या घरात असतील. कागदावर मात्र लावलद!"

शजरा खोटा नव्हता. तो ज्या पद्धतीने काढायचा ठरला होता तिच्यात मुलींना जागाच नव्हती, इतकेच. परंतु एखाद्याने केवळ त्या कागदावर विसंबून आमच्या घराण्याचा इतिहास लिहिला असता, तर खाडीपलीकडे नांदणारी शंभर माणसे त्याने नाहीशी करून टाकली असती. आज मी जे सांगणार आहे ते याच गोष्टीबद्दल आहे. फरक एवढाच की तो शजरा माणसांचा नसून इमारतींचा आहे.

इमारतींचाही शजरा असतो, हे ऐकून नवल वाटेल. पण गेली सव्वाशे वर्षे वास्तुकलेचे इतिहासकार असे शजरे काढीत आले आहेत. कोणती शैली कोणापासून जन्मली, कोणी कोणाचे घेतले, आधुनिक इमारत कोणत्या घराण्याची, हे शब्दांत सांगायला पाचशे पाने लागतात. आकृतीत ते एका पानावर मावते. म्हणून विद्यार्थ्यांना आकृती आवडते, आणि शिक्षकांना तर त्याहून आवडते.

यांतले सर्वांत प्रसिद्ध झाड इंग्लंडमधले. सर बॅनिस्टर फ्लेचर आणि त्यांचे वडील (दोघांचेही नाव बॅनिस्टर फ्लेचरच) यांनी १८९६ मध्ये वास्तुकलेचा तुलनात्मक इतिहास प्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत त्याला एक चित्र जोडले गेले, 'वास्तुकलेचे झाड'. झाडाच्या मुळांशी सहा गोष्टी लिहिलेल्या होत्या: भूगोल, भूगर्भ, हवामान, धर्म, समाज आणि इतिहास. मुळे उत्तमच निवडली होती, यात वाद नाही. पण वर पाहावे तर मधले जाड खोड ग्रीस, रोम आणि रोमनेस्क असे सरळ चढत जाते, त्यातून युरोपातल्या देशांच्या गॉथिक शैली फुटतात, मग प्रबोधनकाळ, आणि शेंड्याला आधुनिक काळ. भारत आणि चीन-जपान यांच्या फांद्या बुंध्याजवळच बाजूला निघतात आणि तिथेच थांबतात. त्यांना पुढे पालवी नाही.

पुस्तकाच्या मजकुरातही हाच न्याय होता. १९०१ च्या चौथ्या आवृत्तीत पुस्तकाचे दोन भाग पडले. पहिल्या भागात 'ऐतिहासिक' शैली, म्हणजे युरोप व त्याचे पूर्वज. दुसऱ्या भागात भारतीय, चिनी, जपानी, मध्य अमेरिकी आणि 'सॅरासेनिक', म्हणजे मुसलमानी राजवटींच्या इमारती. या दुसऱ्या भागाला त्यांनी नाव दिले 'अनैतिहासिक शैली'. कॉर्डोव्हाची मशीद, कैरो, इस्फहान, ताजमहाल, विजापूर हे सर्व इतिहासाबाहेर! आमच्या शजऱ्यातला शब्द वापरायचा तर फ्लेचरसाहेबांनी या सगळ्यांपुढे 'लावलद' लिहून टाकले. पुढच्या संपादकांनी तो शब्दही काढला आणि ते झाडही गाळले. पण तोवर हे पुस्तक आपल्याकडच्या वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांच्या हातांत पिढ्यानपिढ्या राहिले होते, आणि पाठ केलेले चित्र डोक्यातून लवकर जात नाही.

यावर रागावून थांबणे सोपे आहे. पण आपण जरा फोर्टात जाऊ.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून जनरल पोस्ट ऑफिसच्या मधल्या दालनात उभे राहा आणि मान वर करा. डोक्यावर जो घुमट दिसतो त्याचा आदर्श विजापूरचा गोल घुमट होय. पोस्टाची ही इमारत जॉन बेग या स्कॉटिश वास्तुकाराची, १९१३ मध्ये पुरी झालेली. जवळच जॉर्ज विटेटने बांधलेले म्युझियम आहे (त्याला आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात). त्याचा घुमटही त्याच घराण्यातला. विटेटचाच गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये खुला झाला, आणि त्याची कमान सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या सुलतानी इमारतींकडे बोट दाखवते. आता विजापूरच्या त्या मूळ घुमटाकडे वळा. तो मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवर आहे. बादशहा १६५६ मध्ये वारला. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर असून मध्ये एकही खांब नाही. एकमेकांना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनाचा हळूहळू गोल केला आहे. हे काम करणाऱ्या उस्तादाचे नाव परंपरेने याकूत दाबुली असे सांगतात. दाबुली म्हणजे दाभोळचा. आपल्या कोकणातला.

तेव्हा कागदावर एक बाण काढा: दाभोळहून विजापूर, विजापूरहून मुंबईचे पोस्ट ऑफिस. ज्या दशकांत फ्लेचर या शैलीला इतिहासाबाहेर ठेवीत होते, त्याच दशकांत त्यांचेच देशबांधव मुंबईत तिच्यातून उचल करून सरकारी इमारती उभ्या करीत होते. फांदी वाळली नव्हती, झाडाच्या चित्रकाराने ती वेळेआधी कापली होती. अर्थात यात फुशारकी मारण्यासारखेही फार नाही. साहेबांनी घुमट घेतला तो आपल्या राज्याला इथल्या जुन्या राज्यांचा वारस ठरविण्यासाठी. उस्तादांच्या वंशजांना कचेरीत वास्तुकार म्हणून बसविण्यासाठी घेतला नाही.

दुसरीही एक वाट होती, आणि तिने आपले नुकसान अधिक केले असे माझे मत आहे. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७६ मध्ये भारतीय वास्तुकलेचा मोठा इतिहास लिहिला आणि इमारती धर्मावरून वेगळ्या केल्या: बौद्धांच्या या कप्प्यात, हिंदूंच्या त्या, मुसलमानांच्या तिसऱ्या. पुढची बहुतेक पुस्तके त्याच कप्प्यांनी चालली. आता कल्याणच्या विद्यार्थ्याने काय करावे? अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे १०६० सालचे. शेनाळे तळ्याकाठची काळी मशीद सतराव्या शतकातली. दोहोंत काही मैलांचे आणि सहा शतकांचे अंतर. एक एका कप्प्यात जाते, दुसरी दुसऱ्यात, आणि दोन्हींना हात लावून पाहिल्यावर जे प्रथम जाणवते ते कोणत्याच कप्प्यात बसत नाही: तोच आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, तोच छिन्नीला दाद न देणारा चिवट दगड, तोच मुसळधार पाऊस. फ्लेचरच्या झाडाची मुळे, भूगर्भ आणि हवामान, इथे खरी ठरतात. फांद्या मात्र निराळ्या काढायला हव्यात.

आता आधुनिक इमारतींकडे येऊ. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाचे संचालक आल्फ्रेड बार यांनी एका प्रदर्शनाच्या पुस्तकाच्या वेष्टनावर एक तक्ता छापला. त्यात झाड नाही. वरून खाली काळ उतरतो, १८९० पासून १९३५ पर्यंत, आणि चळवळींची नावे बाणांनी जोडलेली. रेल्वेच्या डब्यात दाराच्या वर स्टेशनांचा जो नकाशा असतो तसा तो दिसतो. पॅरिसच्या क्यूबिझमपासून, हॉलंडपासून, जर्मनीतल्या बाऊहाऊस शाळेपासून निघालेले बाण 'आधुनिक वास्तुकला' या स्टेशनावर येऊन मिळतात. तक्त्यात चार चौकटी लाल शाईत आहेत: जपानी छापचित्रे, निकटपूर्वेची कला, आफ्रिकी शिल्प आणि यंत्राचे सौंदर्य. निकटपूर्व म्हणजे इराण-तुर्कस्थान-अरबस्तान. इथे प्रगती झाली असे म्हणा, कारण फ्लेचरच्या झाडात जे बाहेर होते ते इथे निदान आजोळ म्हणून मान्य झाले! पण बाणांची दिशा पाहा. लाल चौकटींतून बाण बाहेर पडतात, त्यांच्यात परत एकही जात नाही. जणू त्या मुलखांनी एकदा देणे देऊन टाकले आणि पुढे तिथे काही घडलेच नाही.

त्याच १९३६ साली मुंबईच्या सर ज. जी. स्कूलमधून पेरीन जमशेदजी मिस्त्री या पारशी तरुणीने वास्तुविद्येची पदविका घेतली. भारतातल्या पहिल्या महिला वास्तुकार म्हणून त्यांचे नाव घेतात. आमच्या फुफीला हे ऐकून बरे वाटले असते.

बारच्या तक्त्यानंतर सर्वांत गाजलेल्या आकृत्या चार्ल्स जेंक्स यांच्या. हे गृहस्थ १९३९ मध्ये अमेरिकेत जन्मले, इंग्लंडात स्थायिक झाले आणि २०१९ मध्ये वारले. जन्मभर ते एकच तक्ता पुन्हा पुन्हा काढीत राहिले म्हटले तरी चालेल. पहिला १९७१ चा. त्यात झाड नाही आणि बाणही नाहीत, नद्या आहेत. डावीकडून उजवीकडे वाहणारे सहा प्रवाह: तर्कनिष्ठ, आदर्शवादी, आत्मजाणिवेचा, अंतःप्रेरणेचा, चळवळ्यांचा आणि सहावा 'अजाणतेपणी घडणारा'. प्रवाह फुगतात, आटतात, एकमेकांत मिसळतात, त्यांच्यावर वास्तुकारांची नावे तरंगतात. गंमत अशी की तक्ता १९२० पासून सुरू होऊन २००० पर्यंत जात होता, म्हणजे पुढच्या तीस वर्षांचा इतिहास त्यांनी आधीच काढून ठेवला होता. २००० मध्ये त्यांनी झाल्या शतकाचा नवा तक्ता प्रसिद्ध केला, तो शंभर वर्षांचा आणि कितीतरी गुंतागुंतीचा.

जेंक्स यांचा स्वभाव नाट्यमय होता. अमेरिकेत सेंट लुईस शहरात प्रूइट-आयगो नावाची गरिबांसाठी बांधलेली वसाहत होती. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, वास्तुकार मिनोरू यामासाकी. वसाहतीची दुर्दशा झाल्यावर १९७२ पासून ती सुरुंग लावून पाडण्यात आली. जेंक्स यांनी १९७७ च्या पुस्तकात लिहिले की आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू १५ जुलै १९७२ रोजी दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी झाला. वाक्य जगभर गेले. वास्तविक पहिली इमारत त्याच साली मार्चमध्येच पडली होती, आणि ती घटका-मिनिटे आपण मनानेच घातली होती हे जेंक्स यांनी पुढे कबूल केले. विद्यार्थ्यांनो, इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत हा प्रयोग करू नका.

पण या गृहस्थांच्या पहिल्या तक्त्यातली एक ओळ मला त्यांच्या साऱ्या पुस्तकांहून मोलाची वाटते. सहाव्या प्रवाहाशी, त्या 'अजाणतेपणी घडणाऱ्या'शी, त्यांनी एक आकडा लिहिला होता: परिसरातला ८० टक्के भाग. म्हणजे जगात जे काही बांधले जाते त्यातले शंभरातले ऐंशी बांधकाम नामांकित वास्तुकारांच्या हातचे नसतेच. ते गवंडी, सुतार, ठेकेदार, म्युनिसिपालिटीचे नियम आणि घरमालकाची ऐपत यांच्या हातून घडते. हे लिहिण्याइतके ते प्रामाणिक होते. मात्र तक्त्यावरची नावांची गर्दी उरलेल्या वीस टक्क्यांतच राहिली, कारण ऐंशी टक्क्यांना नावे नसतात.

इथे एक निराळा नकाशा दाखविल्याशिवाय पुढे जाववत नाही. तो काढणारा माणूस शैलींचा इतिहासकार नव्हता, इंजिनिअर होता. फझलुर रहमान खान, जन्म १९२९, ढाका. शिबपूर आणि ढाका येथे शिकून ते १९५२ मध्ये अमेरिकेला गेले आणि शिकागोत इतके नावारूपाला आले की त्या शहराचे दोन सर्वांत ओळखीचे मनोरे त्यांच्या हिशेबावर उभे आहेत: शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर आणि ११० मजली, ४४२ मीटर उंच सिअर्स टॉवर, ज्याला २००९ पासून विलिस टॉवर म्हणतात.

खानसाहेबांनी उंच इमारतींचा तक्ता काढला. त्यात गॉथिक नाही, क्यूबिझम नाही, कोणी कोणाचा शिष्य हे नाही. इमारतींची छोटी रेखाचित्रे बुटक्यापासून उंचापर्यंत ओळीने उभी आहेत, आणि प्रत्येकाखाली तिचा सांगाडा कोणत्या जातीचा ते लिहिले आहे. प्रश्न एकच: वारा आला तर ही इमारत कशाच्या जोरावर उभी राहील? मजले वाढले की वजन वाढते हे कोणालाही कळते. पण उंचीबरोबर वाऱ्याचा रेटा त्याहून झपाट्याने महाग पडू लागतो. खांब-तुळयांचा साधा सांगाडा वीस-तीस मजल्यांपर्यंत परवडतो. त्यापुढे त्यालाच जाड करीत गेले तर लोखंडाचा खर्च हाताबाहेर जातो. खान यांनी युक्ती केली ती आपल्या बांबूची. बांबू आतून पोकळ असतो, सारा जोर बाहेरच्या सालीत, म्हणून तो वाकतो पण मोडत नाही. त्यांनी खांब आतून काढून बाहेरच्या भिंतीवर दाटीने आणले आणि सबंध इमारतीचीच एक नळी केली. सिअर्स टॉवरमध्ये अशा नऊ चौकोनी नळ्या, प्रत्येक ७५ फूट रुंद, मोळीसारख्या एकत्र बांधल्या आहेत. त्यातल्या दोन पन्नासाव्या मजल्यावर थांबतात, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या, आणि दोन शेवटपर्यंत जातात.

या तक्त्यात ढाक्याच्या माणसाला कोणत्याही लाल चौकटीत बसावे लागले नाही, कारण तक्ता काढणाराच तो होता. आपल्यातले जे लोक १९८१ नंतर हजला विमानाने गेले असतील त्यांतल्या पुष्कळांनी खान यांचे आणखी एक काम डोक्यावर पाहिले आहे: जेद्दाच्या विमानतळावरचे ते पांढऱ्या तंबूंचे छत. त्याला १९८३ मध्ये आगाखान पारितोषिक मिळाले. ते पाहायला खान नव्हते, १९८२ च्या मार्चमध्ये जेद्दा येथेच त्यांचे निधन झाले होते.

तर प्रश्न बदलला की शजरा बदलतो. 'कोणाची शैली' विचारले की फ्लेचरचे झाड येते, 'कशावर उभी' विचारले की खानसाहेबांची ओळ. मग आपण आपल्या ऐंशी टक्क्यांना काय विचारावे? कल्याण, डोंबिवली, ठाणे, मुंब्रा यांचा आधुनिक इतिहास कोणत्या आकृतीत बसेल? मी काही वर्षे शाळेतल्या मुलांकडून हे करवून घेतले आहे, म्हणून अनुभवाने सांगतो: 'ही इमारत इथे याच वेळी का आली?' हा प्रश्न धरला की रेघा आपोआप पडू लागतात.

पहिली रेघ रुळांची. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, १ मे १८५४ रोजी कल्याणला पोचली. कल्याणला रूळ फुटतात, एक फाटा कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे, आणि गावाचेही तसेच दोन भाग होतात. पारनाका आणि दूधनाक्याकडचे जुने गाव खाडीकडे तोंड करून बसलेले, नवे गाव स्टेशनाकडे. दुसरी रेघ छपराची. १८६५ मध्ये मंगळूरला बाझेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, आणि ती सपाट लाल कौले किनाऱ्याने आपल्याकडे येऊन नळीच्या कौलांची जागा घेऊ लागली. तिसरी रेघ रोगाची. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रुंद रस्ते आणि हवेशीर चाळी आल्या. १९२० नंतरच्या दशकात बी. डी. डी. च्या २०७ चाळी सिमेंट-काँक्रीटमध्ये उठल्या. चौथी रेघ फाळणीची. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. पाचवी रेघ कायद्याची, आणि मुलांना ती फार कंटाळवाणी वाटते, पण डोंबिवलीला खरे घडविले ते तिनेच. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणे परवडेनासे झाले. १९६० ला सहकारी संस्थांचा कायदा आला, १९६३ ला मालकीच्या सदनिकांचा. मग चाळीऐवजी 'सोसायटी' आली, तळमजला अधिक तीन, आर. सी. सी., दारावर पाटी आणि जिन्याखाली पाण्याचा पंप.

या रेघांवर आता एकच वस्तू चालवून पाहा. ओटा घ्या. आपल्या कोकणी घराला पुढे ओटी-पडवी असे. येणारा-जाणारा तिथे टेके, मुले तिथे सबक पाठ करीत, बाजारहाटाचे बोलणे तिथेच होई, आणि आतल्या बायकांना माजघरात मोकळीक राही. चाळीत ही ओटी लांबट होऊन सगळ्यांची सामाईक गॅलरी झाली. सोसायटीत गॅलरी तुटली, प्रत्येकाच्या वाट्याला तिचा चार फुटांचा तुकडा आला आणि त्याला बाल्कनी म्हणू लागले. बरीच वर्षे नियमांत बाल्कनीला क्षेत्रफळाच्या हिशेबात सवलत असे, आणि शुल्क भरून ती बंदिस्तही करता येई. मग ग्रिल बसले, सरकत्या काचा बसल्या, पलंग आला, आणि बाल्कनी खोलीच्या पोटात गेली. शजऱ्यात लिहायचे तर ओटा लावलद. पण थांबा, फुफीचे शब्द आठवा आणि खाली बिल्डिंगमध्ये जाऊन पाहा. जिन्याच्या पायरीवर, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, दुकानाच्या फळीवर संध्याकाळी कोण बसलेले असते? ओटा तिथे नांदतो आहे.

एका मोठ्या वास्तुकारानेही हा शोध घेतला होता. बेलापूर आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. तिथे चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात वसाहत बांधली. सात घरे आठ मीटरच्या एका अंगणाभोवती, असे तीन गट बारा मीटरच्या मोठ्या अंगणाभोवती, आणि कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे ज्याला वाढवायचे त्याने शेजाऱ्याला न विचारता वाढवावे. तिचा आराखडा पाहिला की तो एखाद्या कुटुंबाच्या शजऱ्यासारखा दिसतो, घर, अंगण, मोहल्ला, गाव. नव्या मुंबईची मूळ कल्पना १९६४-६५ च्या सुमारास ज्या तिघांनी मांडली त्यांत कोरियांबरोबर शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता होते. तिसरे नाव बहुधा गाळले जाते, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता एका अवघड रेघेकडे यावे लागेल. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून पुष्कळ कुटुंबे मुंब्रा-कौसा भागात आली. त्यांना घर लवकर हवे होते आणि स्वस्त हवे होते. तशी घरे उभी राहिली, फार झपाट्याने, आणि त्यातली कित्येक परवानगीशिवाय. ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी शिळफाट्याजवळ विनापरवाना चाललेली एक सात मजली इमारत कोसळली. काम चालू असतानाच तिच्यात मजुरांची कुटुंबे राहत होती. ७४ माणसे मेली, त्यांत लहान मुले पुष्कळ. फ्लेचरच्या झाडात, बारच्या बाणांत, जेंक्सच्या नद्यांत या इमारतीला जागा नाही. तिची कोणतीच शैली नव्हती. पण खानसाहेबांचा प्रश्न तिला विचारता येतो, ही कशावर उभी आहे, आणि आपला प्रश्नही, ही इथे याच वेळी का आली. पहिला प्रश्न घर घेताना कोणी विचारत नाही. आपण चटईक्षेत्र विचारतो, मशीद किती लांब, शाळा किती लांब, पाणी किती तास. पालकहो, मी तुम्हांला दोष देत नाही, मीही घर घेताना फरशीचा रंग पाहिला होता आणि खांबांचा नकाशा मागितला नव्हता. ज्याचा आपण नकाशाच काढीत नाही त्याची चौकशी करायचे सुचत नाही, आणि म्हणून मुलांच्या तक्त्यांवर मी शिळफाट्याच्या त्या इमारतीला चौकट काढायला लावतो. चौकटीत नाव नसते, फक्त तारीख आणि आकडा.

तेव्हा येत्या सुट्टीत हे करा. पूर्ण मापाचा चार्ट पेपर घ्या, तो आडवा धरा. खाली वर्षांची रेघ आखा, दहा-दहा वर्षांच्या खुणा करा. आपल्या कुटुंबाने राहिलेली सगळी घरे त्यावर ठेवा, दादीचे गावचे घर, नानीची चाळ, अब्बांची सोसायटी, आजचा टॉवर. प्रत्येकाचे एक लहान चित्र काढा आणि चारच गोष्टी लिहा: भिंत कशाची, छप्पर कशाचे, बांधले कोणी, आणि तिथून का निघालात. रेती कुठली ते विचारायला विसरू नका, कल्याणच्या आणि मुंब्र्याच्या रेतीबंदरांनी निम्म्या मुंबईला रेती पुरविली आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच कोठे सापडतो. बांधणाऱ्याचे नाव मिळाले नाही तर जागा रिकामी ठेवा, पण रेघ काढाच. ज्या रेघेची खात्री नाही ती तुटक काढा. आणि घरातल्या बायकांना वेगळे बसवून विचारा, कारण पुरुष घराची किंमत सांगतात, बायका त्यातली ओल कुठल्या भिंतीला होती ते सांगतात.

डावीकडे चार बोटे जागा मोकळी सोडा. तक्ता पुरा झाला म्हणून तुम्ही रंगवायला बसाल, आणि तेवढ्यात दादी म्हणेल, "अरे, त्याच्या आधी आम्ही बंदरावर राहत होतो."